बँकांचे विलीनीकरण आणि ग्राहकाचे दुसरे दार

बँकांच्या विलीनीकरणाचा विषय साहित्याला वाहिलेल्या मासिकाच्या पानांवर कशाला, असा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात उभा राहील. त्यास आमचे उत्तर साधे आहे. नोकरीनिमित्त स्वप्रांताबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाचा घराशी असलेला धागा जितका पत्राचा आणि बोलण्याचा, तितकाच तो पैशाचाही असतो. पगार फरीदाबादेस जमा व्हावयाचा, त्यातला वाटा वर्ध्यास किंवा मिरजेस वृद्ध मातापित्यांकडे जावयाचा, घरबांधणीच्या कर्जाचा हप्ता पुण्यास कापला जावयाचा, आणि निवृत्तीनंतर वेतन कोठून घ्यावयाचे याचा विचार पंचावन्नाव्या वर्षापासूनच सुरू व्हावयाचा. ज्या संस्थेच्या हाती हा धागा आहे तिच्यात उलथापालथ झाली, तर त्याविषयी बोलण्याचा अधिकार अर्थशास्त्र्यांइतकाच आम्हालाही आहे.

उलथापालथ लहान नव्हती. १ एप्रिल २०१७ रोजी बिकानेर-जयपूर, हैदराबाद, म्हैसूर, पतियाळा व त्रावणकोर या पाच सहयोगी बँका आणि त्यांच्याबरोबर भारतीय महिला बँक स्टेट बँकेत विलीन झाल्या. दोन वर्षांनी त्याच तारखेस देना व विजया या बँका बडोदा बँकेत गेल्या. १ एप्रिल २०२० रोजी, सारा देश महामारीने दाराआड कोंडला गेला असता, ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स व युनायटेड बँक पंजाब नॅशनलमध्ये, सिंडिकेट कॅनरामध्ये, आंध्र व कॉर्पोरेशन युनियनमध्ये आणि अलाहाबाद इंडियन बँकेमध्ये मिळाली. २०१७ च्या आरंभी सत्तावीस असलेल्या सरकारी बँका आज बारा आहेत. २०२५ च्या मे महिन्यात ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ या सूत्राने ग्रामीण बँकांची संख्याही त्रेचाळीसवरून अठ्ठावीसवर आली. इतक्याने समाधान झाले म्हणावे, तर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अर्थमंत्र्यांनी देशाला आणखी मोठ्या, जागतिक दर्जाच्या बँका हव्यात आणि त्याविषयी रिझर्व्ह बँकेशी विचारविनिमय चालू आहे असे सांगितले. म्हणजे हा विषय शिळा झालेला नाही.

विलीनीकरण म्हटले की ते वाईटच, असे आमचे मत नाही. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि आमच्या अकोल्याची लक्ष्मी बँक या बुडाल्या, तेव्हा ठेवीदारांवर कोणता प्रसंग ओढवला असेल, हे वेगळे सांगावयास नको. त्यानंतर दुबळ्या बँका सबळ बँकांत सक्तीने मिळविण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळाला, आणि १९६२ च्या आरंभापासून ठेवींवर विम्याचे छत्र आले. ते प्रथम दीड हजार रुपयांचे होते. आज पाच लाखांचे आहे. २००६ साली साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक आयडीबीआय बँकेत गेली, कुरुंदवाडची गणेश बँक फेडरल बँकेत गेली, आणि पुढच्याच वर्षी सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत गेली. कृष्णाकाठच्या माणसाला ही नावे गेल्याचे दुःख झाले असेल, पण ठेवी सुरक्षित राहिल्या हेही त्याने पाहिले. बुडत्याला हात देण्यासाठी केलेले विलीनीकरण हा उपचार आहे, आणि उपचाराबद्दल वैद्याशी कोणी भांडत नाही. पाट्या उतरल्या म्हणून गळा काढणे हाही आमचा हेतू नाही. नावांची हळहळ चार दिवसांची असते.

आमचे भांडण वेगळे आहे. ते चौथ्या दिवशी नव्हे, चौथ्या वर्षी ध्यानात येते. विलीनीकरणाच्या समर्थनार्थ जी जी निवेदने झाली, त्यांत भांडवल किती वाढेल, मोठ्या उद्योगांना किती मोठे कर्ज देता येईल, जगातील बँकांच्या क्रमवारीत आपला क्रम कितवा येईल, याची चर्चा भरपूर होती. ज्याचे खाते आहे, ज्याची दहापाच हजारांची शिल्लक आहे, ज्याला दुकानासाठी दोन लाखांचे कर्ज हवे आहे, त्याला मिळवून घेण्यासाठी आता किती बँका धडपडतील, हा प्रश्न त्या निवेदनांत जवळजवळ नव्हता. बँकांच्या परिभाषेत या माणसाला ‘किरकोळ ग्राहक’ म्हणतात. शब्द अनुवादातून आला असेल; पण त्याला हिशेबातून वगळण्याची जी तऱ्हा दिसली, ती पाहता अनुवादकाने नकळत सत्यच सांगून टाकले असे वाटते.

फरीदाबादचेच उदाहरण घ्यावे. ही औद्योगिक नगरी १९४९-५० च्या सुमारास वसली ती वायव्य सरहद्द प्रांतातून, बन्नू आणि डेरा इस्माईल खान या भागांतून आलेल्या निर्वासितांच्या हातांनी. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन कोऑपरेटिव्ह युनियनने तेथे सहकाराचा प्रयोग केला, आणि छावणीत फुकट शिधा घेण्याऐवजी माणसांनी स्वतःची घरे स्वतः बांधली. पुढे याच नगरीत ट्रॅक्टरांचे मोठे कारखाने आले आणि त्यांच्या आश्रयाने सुटे भाग घडविणाऱ्या लहान कार्यशाळा गल्लोगल्ली उभ्या राहिल्या. अशा वस्तीला पैसा पुरविणाऱ्या बँकांपैकी पंजाब नॅशनल आणि ओरिएंटल या दोन्ही मूळच्या लाहोरच्या. एक १८९४ ची, दुसरी १९४३ ची. फाळणीने दोघींनाही लाहोर सोडावे लागले. निर्वासितांच्या गावात निर्वासित बँका! तिसरी पतियाळा स्टेट बँक, पंजाब-हरियाणाच्या मातीतली. एका बँकेच्या व्यवस्थापकाने ‘तारण अपुरे आहे’ म्हणून कागद परत केला, तर लेथ चालविणारा कारागीर तोच कागद घेऊन दुसरीच्या दारी जाऊ शकत असे. दुसरा व्यवस्थापक त्याच माणसाकडे वेगळ्या नजरेने पाही. कधी तोही नकार देई. पण नकार दोन वेगळ्या डोक्यांतून येई. आज ओरिएंटलचे दार पंजाब नॅशनलच्याच घरात उघडते आणि पतियाळाचे दार स्टेट बँकेच्या. पाट्या चार असोत की पाच, मालकीण एक झाली की दुसऱ्या दारी जाणे म्हणजे त्याच घराला प्रदक्षिणा घालणे होय.

येथे आम्हाला एक आक्षेप ऐकू येतो आणि तो दुबळा नाही. या साऱ्या बँकांचा मालक मुळातच एक, म्हणजे भारत सरकार. तेव्हा त्यांच्यात खरी स्पर्धा होतीच कोठे? एका बापाच्या सत्तावीस मुलांऐवजी बारा राहिले, एवढेच. हे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, की मालक एक म्हणून वागणूकही एक, हा अनुभव कोणाचा आहे? सरकारी खात्यांत काम करणाऱ्या आमच्या वाचकांना हे शिकवावे लागू नये. एकाच सरकारची दोन खाती एकाच अर्जाला दोन उत्तरे देतात, हे आपण रोज पाहतो. मणिपालजवळ वाढलेली सिंडिकेट बँक दारोदार फिरून रोजचे दोन आणे गोळा करीत मोठी झाली. कोलकात्याच्या बँकेची चाल निराळी, लाहोरच्या बँकेची निराळी. भांडवल सरकारचे असले तरी कर्ज कोणाला द्यावे, कोणाची पत ओळखावी, याची रीत प्रत्येकीची स्वतःची होती. ती भिन्नता हीच लहान ग्राहकाची मिळकत होती, आणि कोणत्याही ताळेबंदात ती न मांडलेली असल्यामुळे कोणाच्याही लक्षात न येता ती खर्ची पडली.

आता आकड्यांकडे वळू. बचत खात्यावरील व्याजाचा दर ठरविण्याची मोकळीक रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०११ मध्ये बँकांना दिली. हेतू हा, की बँकांनी ठेवीदारासाठी चढाओढ करावी. एकदोन लहान खाजगी बँकांनी सहा टक्के दिलेही. मोठ्या बँका चार टक्क्यांवर ठाण मांडून बसल्या. एप्रिल २०१७ मध्ये स्टेट बँकेचे विलीनीकरण झाले आणि त्याच वर्षीच्या ३१ जुलैस तिने एक कोटीपर्यंतच्या शिलकीवरील दर साडेतीन टक्के केला. नोटबंदीमुळे बँकांत पैशाचा पूर आला होता, हे कारण खरे आहे आणि आम्ही ते नाकारीत नाही. पण पुढचे पाहावे: त्याच ऑगस्टात बडोदा, पंजाब नॅशनल, ॲक्सिस, एचडीएफसी या बँका एकामागून एक त्याच पायरीवर उतरल्या. एका महाकाय संस्थेने पाऊल उचलावे आणि बाकीच्यांनी त्या पावलावर पाऊल ठेवावे, याला स्पर्धा म्हणत नाहीत, मिरवणूक म्हणतात.

याहून बोलका पुरावा पुढे मिळाला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने आपला रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला. त्या दराशी जोडलेल्या घरकर्जांचे व्याज आपोआप चढले. आमच्यापैकी अनेकांचे हप्ते लांबले. पण स्टेट बँकेत सर्वसामान्य बचत खात्यावरचा दर होता तेथेच, म्हणजे २.७० टक्क्यांवर राहिला. पैसा महाग झाला तो घेणाऱ्याला. ठेवणाऱ्याला तो स्वस्तच राहिला. पुढे २०२५ मध्ये व्याजाचे दर उतरू लागले, तेव्हा मात्र बचतीचा दर तत्परतेने अडीच टक्क्यांवर आला. लाख रुपयांच्या शिलकीवर २०११ नंतर वर्षाला चार हजार रुपये मिळत. आता अडीच हजार मिळतात. चढताना मान न हलविणारा आणि उतरताना धावत सुटणारा दर पाहिला, की ग्राहक निघून जाण्याची भीती बँकेला उरलेली नाही, एवढे कोणीही ओळखावे.

दंडाची कथाही तशीच. किमान शिलकीवरचा जो दंड स्टेट बँकेने २०१२ साली बंद केला होता, तो विलीनीकरणाच्याच दिवशी, १ एप्रिल २०१७ रोजी, पुन्हा सुरू झाला. एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत त्यातून १,७७१ कोटी रुपये वसूल झाले. त्याच वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतील बँकेचा निव्वळ नफा १,५८१ कोटी होता. जनधन खात्यांना यातून सूट होती, हे मान्य. उरलेल्यांतून हा पैसा कोणी भरला? ज्याच्या खात्यात पाच हजार टिकत नव्हते त्याने. गवगवा झाल्यावर दंड कमी झाला आणि मार्च २०२० मध्ये तो पुरता रद्दही झाला, याचे श्रेय बँकेला दिलेच पाहिजे. तथापि इतर सरकारी बँकांनी २०१९-२० पासूनच्या पाच वर्षांत याच दंडापोटी सुमारे साडेआठ हजार कोटी गोळा केले, असे सरकारनेच लोकसभेत सांगितले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण आमच्या पूर्वजांनी बँका पाहण्यापूर्वीच करून ठेवली, ही त्यांची दूरदृष्टी म्हणावयाची.

यावर विलीनीकरणाचे कैवारी २०२५ च्या उन्हाळ्याकडे बोट दाखवितील. त्या जून-जुलैत कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा, इंडियन या बँकांनी दंड आपण होऊन माफ केला; मग स्पर्धा मेली कशी? आमचे म्हणणे हेच तर आहे. लोक बचत खात्यातला पैसा म्युच्युअल फंडांकडे वळवू लागले, ठेवी मिळणे कठीण झाले, आणि ताबडतोब दंड अन्याय्य वाटू लागला! ग्राहक हातचा जाऊ शकतो हे दिसताच बँक सौजन्य शिकते. जे सौजन्य भीतीने येते ते भीतीबरोबर जाते. म्हणून ती भीती कायम राहील अशी रचना हवी. विलीनीकरणाने ती भीती कमी केली.

खाजगी बँका आहेत, खिशातल्या फोनवरून क्षणात पैसे पाठविता येतात, मग शाखा आणि शेजार यांचे कौतुक कशाला, असाही एक युक्तिवाद आहे. पैसे पाठविणे ही बँकेची सर्वांत सोपी सेवा आहे. मृत वडिलांचे खाते वारसाच्या नावे करणे, हयातीचा दाखला, तारणावरचे छोटे कर्ज, चुकीने गोठविलेले खाते सोडविणे, या कामांसाठी आजही माणसासमोर माणूस बसावा लागतो. आणि पगारदाराच्या मागे धावणारी खाजगी बँक त्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मागे धावत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये एका मोठ्या खाजगी बँकेने शहरांतील नव्या खात्यांसाठी किमान शिल्लक पन्नास हजारांची ठरविली आणि गदारोळ होताच ती पंधरा हजारांवर आणली. पंधरा हजारही कोणाला परवडतात, हे वाचकांनीच ठरवावे.

मग विलीनीकरणापूर्वी ग्राहकाची बाजू तपासणारे कोणी नव्हते काय? तशी यंत्रणा देशात आहे. स्पर्धा आयोग त्यासाठीच आहे. एचडीएफसी ही गृहकर्ज देणारी कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन होण्यापूर्वी, २०२२ साली, या आयोगाची संमती घ्यावी लागली. सरकारी बँकांना मात्र ती लागली नाही. ३० ऑगस्ट २०१७ च्या अधिसूचनेने राष्ट्रीयीकृत बँकांच्या विलीनीकरणांना स्पर्धा कायद्याच्या त्या तपासणीतून दहा वर्षांची सूट मिळाली होती. खाजगी मालकाने दोन दुकाने एक केली तर चौकशी, आणि सरकारने केली तर चौकशीची गरजच नाही, हा न्याय आम्हाला उमगत नाही.

अमेरिकेतल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फिलाडेल्फिया येथील दोन बँकांचे विलीनीकरण रोखले. कारण दिले ते असे, की बँकेचा बाजार देशव्यापी नसून स्थानिक असतो. ग्राहक सोयीच्या अंतरावर जी दारे असतील तीच ठोठावतो. आणि त्या परिसरातील किमान तीस टक्के व्यवहार एका बँकेच्या हाती गेला, तर स्पर्धा उरत नाही. तिकडे पुढे विलीनीकरणे थांबली असे नाही. पण २०१९ साली दोन मोठ्या बँका एक होऊन ट्रुइस्ट ही बँक झाली, तेव्हा सात स्थानिक बाजारांतील २८ शाखा परक्या बँकेला विकण्याची अट सरकारने घातली. आपल्याकडे असा प्रश्नच विचारला गेला नाही.

आणि हा विचार परदेशाकडून उसना घेण्याचेही कारण नव्हते. बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९६९ मध्ये, धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने क्षेत्रवार दृष्टीचा पुरस्कार केला. बँकांचे नियोजन दिल्ली-मुंबईच्या खुर्चीवरून न करता जिल्हा हे परिमाण धरून करावे, हा त्याचा गाभा. अग्रणी बँक योजना त्यातूनच आली. जिल्ह्याजिल्ह्यातील ठेवींचे व कर्जांचे आकडे तेव्हापासून सरकारदरबारी जमा होत आले आहेत. नरसिंहम समितीनेही १९९१ साली तीनचार मोठ्या बँका सुचविल्या हे खरे. पण त्यांच्याबरोबर आठदहा राष्ट्रीय बँका आणि त्यांच्या खाली प्रादेशिक व ग्रामीण बँका अशी उतरंड सुचविली होती. आम्ही कळस तेवढा उचलला. पायाच्या विटा कळसात बसविल्या आणि देऊळ उंच झाले म्हणून टाळ्या वाजविल्या.

उपाय नाहीत असे नाही. ती दहा वर्षांची सूट २०२७ मध्ये संपते. ती पुन्हा देऊ नये. यापुढे कोणतेही विलीनीकरण जिल्हावार तपासावे, आणि जेथे एका बँकेचा वाटा अवाजवी होईल तेथील काही शाखा दुसऱ्या बँकेकडे द्याव्यात. विलीन होणाऱ्या बँकेच्या ग्राहकाला जुन्या अटी काही वर्षे तरी राखून मिळाव्यात. २०२१ साली लाखो लोकांची धनादेश-पुस्तके व शाखांचे संकेतांक बदलले, तेव्हा त्यांना विचारले कोणी? आणि सर्वांत महत्त्वाचे, खाते क्रमांक ग्राहकाचा असावा, बँकेचा नव्हे. दूरध्वनी क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची मुभा या देशात प्रथम मिळाली ती याच हरियाणात, २५ नोव्हेंबर २०१० रोजी. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे उपगव्हर्नर मुंद्रा यांनी २०१७ मध्ये खात्यांसाठीही तशीच सोय सुचविली होती. ती अद्याप ग्राहकाच्या हाती आलेली नाही. ग्राहक मोकळा असला की काय होते ते घरकर्जात दिसलेच आहे. २०१२ मध्ये तरत्या व्याजाच्या घरकर्जावरील मुदतपूर्व फेडीचा दंड बंद झाला, आणि कर्ज दुसरीकडे नेईन असे म्हणताच व्याज कमी करणारे व्यवस्थापक भेटू लागले. बचतीचा ग्राहक बांधलेला आहे, म्हणून त्याच्याशी कोणी असे बोलत नाही.

शेवटी आमच्या वाचकांशी दोन शब्द. आपण पगारदार आहोत. बँका आपल्याला अजून नमस्कार करतात. किमान शिलकीचा दंड आपल्याला ठाऊक नाही, कारण पगाराच्या खात्याला तो लागत नाही. म्हणून या साऱ्याची झळ आपल्याला पोहोचत नाही असे मानणे हे आपल्या पदाला शोभणारे नाही. आपल्यापैकी कोणी भूजल मोजतात, कोणी पिकांवरील कीड आवरतात, कोणी वीजप्रकल्पांचे हिशेब पाहतात. काहींच्या टेबलांवरून उद्या अशाच प्रस्तावांच्या फाइलीही जातील. त्या फाइलींत भांडवल, नफा, क्रमवारी यांचे रकाने असतीलच. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना असावा, एवढीच आमची मागणी आहे: हे विलीनीकरण झाल्यावर त्या तालुक्याच्या गावी, लहान कर्ज नाकारले गेलेल्या माणसाला, पायी जाण्याच्या अंतरावर वेगळ्या मालकीचे नव्हे तर निदान वेगळ्या विचाराचे दुसरे दार उरते काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या फाइलीवर ते तसेच लिहावे आणि खाली आपली सही करावी.